भेगांखालचं पाणी

मित्रांनो, मी भाताच्या शेतातली एक जुनी नळी आहे. हातभर लांब आणि अंगभर भोकं. गळकी नळी लोक टाकून देतात. मला मात्र मुद्दाम भोकं पाडून कामाला लावलं. शेतकऱ्यांना शेतीतलं नवं काही शिकवायला येणाऱ्या ताईंनी मला काकूंच्या शेतात अर्धं पुरलं आणि माझ्या पोटातला चिखल हाताने उपसला.

“हिच्यात उंदीर पाळायचेत का?” काकांनी विचारलं. ताईसुद्धा हसल्या.

त्या वर्षी तळं आटत चाललं होतं. उरलेलं पाणी शेताला एकदाच पुरलं असतं, आणि घराचं वर्षभराचं जेवण त्या एका शेतावर होतं. भातात पाणी उभंच हवं, हे काका लहानपणापासून ऐकत आले होते. जमिनीला बारीक भेगा पडल्या तशी त्यांची झोप उडाली. एका सकाळी ते फावडं घेऊन निघाले; तळ्यातलं सगळं पाणी आजच सोडणार होते.

ताई बांधावर होत्या. त्यांनी वाट अडवली नाही. तुमची भीती खरी आहे, एवढंच काकांना म्हणाल्या आणि काकूंना माझ्याजवळ बोलावलं. “काकू, तुम्हीच बघा. मी काही सांगत नाही.”

काकू गुडघ्यांवर बसल्या, एक डोळा मिटून वाकल्या. वर माती भेगाळलेली, आणि माझ्या पोटात, जमिनीच्या जेमतेम चार बोटं खाली, आभाळाचा वाटोळा तुकडा चमकत होता. त्यात काकूंचा चेहरा हलत होता.

बघा, मित्रांनो. वर माती तहानेने तडकत होती, आणि खाली अंधारात मुळं गुपचूप पाणी पीत होती. एवढी मोठी गोष्ट माझ्या भोकांतून झिरपत आत आली होती.

“अहो, फावडं ठेवा,” काकू हळूच म्हणाल्या. “रोपं उपाशी नाहीत.”

काका वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग ताईंनी समजावलं: नळीतलं पाणी जमिनीखाली वीतभर गेलं, तेव्हाच नवं द्यायचं, फुलोऱ्यात मात्र उभं ठेवायचं.

मधल्या दिवसांत दोन सरी आल्या, तेवढ्यावर भागलं. राखलेलं पाणी फुलोऱ्याला सोडलं. लोंब्या दुधाने भरल्या, वाकल्या, पिवळ्या झाल्या. त्या वर्षी घरात कुणी अर्धपोटी उठलं नाही. पुढे ताईंची बदली झाली, तेव्हा काकू शेजारणीला माझ्यापाशी घेऊन आल्या आणि “तूच बघ” म्हणून बाजूला उभ्या राहिल्या.

आता मी झिजले आहे. गाळ साचला की मी आंधळी होते. मित्रांनो, शेतात अशी नळी दिसली तर लाथ मारू नका. आतला गाळ काढा आणि वाकून बघा. उभ्या माणसाला मी काहीच दाखवू शकत नाही.