माझ्या नावातला तीन

मी एक जुना पत्ता आहे. मला गल्ली नाही, भिंत नाही, दाराला कडी नाही. मी इंटरनेटवरचा पत्ता आहे: दार३अल्जिया, मग एक ठिपका, आणि ठिपक्यामागे ट्युनिशिया देशाची दोन अक्षरी खूण. मित्रांनो, हसू नका. आमच्यासारख्यांना वाली कमी आणि टपलेले जास्त, म्हणून माझे मलाच सांगावे लागते.

नाबल गावात अल्जिया नावाची बाई कडू संत्र्याच्या फुलांचे पाणी काढते. वसंतात फुले खुडायची, तांब्याच्या भांड्यात मंद आचेवर ठेवायची, वाफ गार करून थेंब थेंब बाटलीत धरायची. ते पाणी कॉफीत पडते, लग्नाच्या मिठाईत पडते, ऊन लागलेल्या लेकराच्या कपाळावर पडते. तिच्या मुलीने, दोर्साफने, मला नोंदवले. तिकडच्या बोलीत दार म्हणजे घर, तेव्हा मी अल्जियाचे घर.

आता हा तीन कुठून आला? अल्जियातला पहिला 'अ' घशाच्या तळातून काढावा लागतो. अरबीत त्याला वेगळे अक्षर आहे, परदेशी लिपीत नाही. मोबाइलवर अरबी अक्षरे नव्हती, तेव्हा पोरांनी त्यासाठी 'अ'च्या आधी तीनचा आकडा टाकला, कारण तो त्या अक्षराला आरशात धरल्यासारखा दिसतो. पुढे सगळेच तसे लिहू लागले. अल्जियाला मात्र हे पटेना.

"माझ्या नावात आकडा? मी काय बसगाडी आहे, तीन नंबरची?"

"उम्मी," दोर्साफ आईला समजावायची, "तो आकडा नाही गं. तो तुझा घसा आहे."

"माझा घसा साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. त्याला आकडा कशाला हवा?"

तेव्हापासून माझे नाव बसगाडी पडले. पण माझ्यावरून मागण्या येऊ लागल्या, स्फाक्सहून, सूसहून, थेट समुद्रापलीकडच्या मार्सेयहून, तेव्हा हीच बाई हात पुसत विचारायची, "काय गं, बसगाडीतून आज कोण उतरलं?" ते माझे सुखाचे दिवस होते.

मित्रांनो, आम्ही पत्ते विकत मिळत नाही. आम्ही मुदतीवर मिळतो. मुदत सरली की नूतनीकरण करायचे, नाही केले की आम्ही उघड्यावर. आठवणीची पत्रे येत होती, पण दोर्साफच्या कॉलेजातल्या मेलपेटीत, जी तिने कित्येक वर्षांत उघडली नव्हती. तिचा माझ्यावर जीव नव्हता असे नाही. पण जे रोज निमूटपणे चालते, त्याच्याकडे कोण बघतो?

मुदत सरली आणि राजधानीतल्या लसाद नावाच्या इसमाने मला उचलले. नळाच्या पाण्यात अत्तर मिसळून तो ते अल्जियाच्या नावावर विकू लागला. अशाला लोक हुशार व्यापारी म्हणतात. मी चोर म्हणतो. नियमाची फट शोधून आत शिरला म्हणून चोराचा पाहुणा होत नाही. आणि माझी लाज अशी की पत्त्याला नकार देता येत नाही. जो धनी, त्याचे दार मी उघडत होतो.

स्फाक्सच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने अल्जियाला फोन केला. "मावशी, पोरीच्या लग्नाची मिठाई फेकून द्यावी लागली. साबणाचा वास! म्हातारपणी हे धंदे सुचले का तुला?"

अल्जियाने फोन ठेवला. साऱ्या गल्लीला ऐकू जाणारा तो घसा बसला. त्या वसंतात फुले झाडाखाली सडली आणि तिची चूल पेटलीच नाही.

देशाच्या खुणेखालच्या नावांवर लक्ष ठेवणारे एक खाते राजधानीत आहे. दोर्साफने तिथे तक्रार केली. खात्याने आधी मला गोठवले, म्हणजे लसादला मला विकता येईना की कुणाला देता येईना. मग दोन्ही बाजूंना बोलावले. समोर निवाडा करणाऱ्या मादाम नाजेत होत्या, भिंतीवरच्या पडद्यावर मी होतो, आणि लसादचे वकील उस्ताद शेदली (तिकडे वकिलाला उस्ताद म्हणतात) तावातावाने बोलत होते.

"तीन म्हणजे तीन! माझ्या अशिलाची तीन दुकानं आहेत, म्हणून तीन. या बाईंच्या नावात आकडा आहे का? आणि मुदत यांनीच घालवली. आम्ही रीतसर नोंदणी केली."

दोर्साफची मान खाली गेली.

"मुदत घालवली हे खरं," नाजेत म्हणाल्या. "तिचे कान मी नंतर उपटते. पण घेणाऱ्यानं कशासाठी घेतलं, हेही मला बघावं लागतं. उस्ताद, नोंदीसाठी हे नाव जरा मोठ्यानं वाचा."

"दार अल्जिया," उस्ताद वाचून गेले. घशाच्या अगदी तळातून.

"तीन कुठे गेला?"

उस्तादांनी पडद्याकडे पाहिले. "मी... पुन्हा वाचतो."

"आता मुद्दाम वाचाल. तुम्हाला यात या बाईंचं नाव दिसलं. गिऱ्हाइकालाही तेच दिसतं. मग तुमच्या अशिलाला एकट्यालाच तीन दुकानं दिसली होय?"

मागच्या बाकावरून कितीतरी दिवसांनी अल्जियाचा तो आवाज घुमला. "काय घसा काढलास रे लेका! आईनं चांगलं वळण लावलंय हो तुला!"

मी घरी परतलो. दोर्साफने पत्रांची पेटी बदलली. पण अल्जियाचा पेटीवर विश्वास नाही. फुले आली की ती मुलीला हाताला धरून पडद्यासमोर बसवते. आधी माझे नूतनीकरण, मग चुलीला काडी.

मित्रांनो, तुमच्याही कुणाच्या नावाचा असा पत्ता असेल. उठा आणि त्याची मुदत बघा. आमच्यावर निगराणी करणारे खाते असले, तरी दर वेळी तिथे एखादी नाजेत बसलेली असेलच असे नाही. आणि तिथे जाईपर्यंत एक वसंत सडून जातो, तो कुणी परत देत नाही.

यंदाही काम आटोपल्यावर अल्जिया पडद्याशी वाकली. डोळे बारीक करून तिने माझ्यातला तीन शोधला, त्यावर फुलांचा वास असलेले बोट टेकवले आणि गल्लीला ऐकू जाईल अशी विचारती झाली, "काय गं बसगाडी, आहेस ना जागेवर?"

आहे, उम्मी. पुढच्या फुलांपर्यंत आहे.