पडू देण्याचं बटण

दुकानात शिरायच्या आधी ह्यांनी पायरीवर थांबून दोनदा हात पुसले, आणि मी दोन्ही वेळा पाटी वाचत असल्यासारखं केलं. लग्नाला अठरा वर्षं झाली की नवऱ्याचं काय बघायचं आणि काय बघितलंच नाही म्हणायचं, एवढं बायकोला कळतं.

माझा नवरा रंगारी. उंच इमारती बाहेरून रंगवायच्या, म्हणजे अर्धं आयुष्य परांचीवर. सव्वा वर्षापूर्वी पायाखालची फळी सरकली आणि हे दुसऱ्या मजल्यावरून खाली आले. देवाने राखलं. पायात सळी बसली, पण माणूस परत मिळाला. येणारा जाणारा पायाची चौकशी करी. पाय तर केव्हाच बरा झाला होता. राहिलं होतं ते दुसरंच. बल्ब बदलायला स्टुलावर चढायचं म्हटलं तरी ह्यांच्या तळहातांना पाणी सुटे. मग स्टुलावर मी चढायची, आणि हे स्टूल धरून उभे, तोंड भिंतीकडे. आम्हा दोघांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आम्हीही त्यावर एकमेकांशी कधी अवाक्षर बोललो नव्हतो.

गेल्या आठवड्यात ठेकेदार घरी आला. जुन्या इमारतींच्या मागे पाइपांची अरुंद पोकळी असते, तिथे आता माणूस न उतरवता छोटा ड्रोन सोडतात. डोळ्यांना चष्मा चढवला की ड्रोनला दिसतं ते सगळं आपल्याला दिसतं, असं तो सांगत होता. उडवणारी पोरं पुष्कळ मिळतात, पण त्यांना भिंत वाचता येत नाही. कुठली भेग नुसत्या रंगाची आणि कुठली आतून पाणी घेऊन आलेली, ते ओळखायला भिंतीला नाक लावून वर्षं काढलेला माणूस लागतो. ह्यांनी शिकून घेतलं तर काम ह्यांचं. महिनाभर थांबतो म्हणाला, नंतर मात्र दुसरा बघावा लागेल. हे तिथल्या तिथे हो म्हणाले. जमिनीवर बसून करायचं काम, आणखी काय हवं?

माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एकच हिशेब चालू होता. ड्रोनला दिसतं ते दिसणार, म्हणजे हे खुर्चीत बसून पुन्हा त्याच उंचीवर जाणार. एक वाट बंद झालेली ह्यांनी कशीबशी सोसली होती. ही दुसरीही बंद झाली तर हे काय करतील, याचा विचार मी सुरू करायचे आणि अर्ध्यावर सोडून द्यायचे.

दुकानदार पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना अजून टीव्हीकाकाच म्हणतात. काउंटरवर स्क्रूंच्या वाट्या आणि झाळकामाचा वास. आमच्याबरोबर माझा धाकटा दीर होता. तीन दिवस व्हिडिओ बघून तो जाणकार झाला होता, आणि एक वापरलेला, वीतभर लांबीचा, उघड्या पात्यांचा ड्रोन त्याने आधीच हेरून ठेवला होता. आमच्या आवाक्यात बसत होता, एवढाच त्याचा गुण.

"दादा, घ्यायचा तर असा घे, की लोकांनी माना वर करून बघितलं पाहिजे."

टीव्हीकाका म्हणाले की नवशिक्याच्या हातात हा दिला तर लोक आधी खाली वाकून बोटं शोधतील. त्यांनी कपाटातून तळहाताएवढा ड्रोन काढला. त्याची चारही पाती कड्यांमध्ये बंद होती; भिंतीला घासला तरी भिंतीचं आणि त्याचं दोघांचंही फारसं बिघडत नाही. पैसे घालायचे ते रिमोटवर घाला, असं त्यांचं म्हणणं. ड्रोन दोन-तीन मोडणारच, रिमोट वर्षानुवर्षं राहतो. आणि आधी पंधरा दिवस तोच रिमोट कॉम्प्युटरला जोडून खोटं खोटं उडवायचं.

"म्हणजे घरात माशी पाळायची," दीर म्हणाला आणि ह्यांना घेऊन पुन्हा त्या मोठ्याकडे वळला.

तेवढ्यात मी काउंटरवर वाकले. आजवर कुणाला न सांगितलेलं मी एका परक्या माणसाला सांगितलं. ते पडले होते, पाय बरा आहे, उंचीचं भय बसलंय. सांगताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. टीव्हीकाकांनी हातातला चिमटा पुसून ठेवला आणि ड्रोनचा चष्मा लावून ह्यांनी कधी बघितलंय का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं.

"मग विकत घेण्याआधी इथेच बघू. तुम्ही शेजारी उभ्या राहा."

मागच्या रिकाम्या खोलीत दाराकडे पाठ करून खुर्ची मांडली. छोटा ड्रोन समोरच्या टोकाला जुन्या गादीवर, आमच्याकडे तोंड करून ठेवला. टीव्हीकाकांनी उडवण्याआधी एकच बटण शिकवलं, मोटर बंद करायचं. धडकला, अडकला, जीव घाबरला, की बटण खाली. घाबरलेला माणूस रिमोटवरची काठी वरच रेटत राहतो आणि मोटर जाळून बसतो. ह्यांनी मान डोलावली आणि तो डब्यासारखा चष्मा चढवला.

ड्रोन गुणगुणला, गादीवरून उचलला गेला, डगमगला आणि एकदम छताला जाऊन चिकटला. छताजवळ गेला की हवाच त्याला वर ओढते, असं टीव्हीकाका सांगत होते. ह्यांना ते ऐकू गेलं नसावं.

"मी दिसतोय," हे म्हणाले. "खाली. तूपण."

ह्यांना काय दिसतंय ते मला दिसत नव्हतं. मला दिसत होती ती ह्यांच्या पायाची बोटं. चपलेत आवळून धरलेली, जशी फळीवर आवळत असतील. मानेवरून घाम चालला होता. अंगठा काठीवर गोठला होता, ना वर ना खाली. दीर हसत हसत म्हणाला, अरे दादा, बटण दाब की. मग त्याची नजर त्या अंगठ्यावर गेली आणि त्याचं हसू तिथेच विरलं. सव्वा वर्षात पहिल्यांदाच त्याला भावाचं खरं दुखणं दिसलं.

चष्मा ओढून काढायला मी हात पुढे केला. टीव्हीकाकांनी नुसता तळहात दाखवून मला थांबवलं.

रिमोट टिटि करू लागला. ड्रोनची बॅटरी संपत आली होती. ती आपोआप संपली तरी तो खालीच येणार होता. पण ते पुन्हा फळी सरकल्यासारखंच झालं असतं. मी मनात देवाचं नाव घ्यायला लागले. तेही पुरतं ओठांवर येईना.

"पडेल," हे म्हणाले.

"पडू दे," टीव्हीकाका अगदी सावकाश म्हणाले. "पडायला तो आहे. तुम्ही बसलेले आहात."

मी ह्यांच्या सळीच्या पायावर हात ठेवला. ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. आणि उजव्या हाताच्या बोटाने बटण दाबलं.

गुणगुण थांबली. गादीवर उशी टाकावी एवढा आवाज झाला. ह्यांचं सगळं अंग एकदा हिसडलं, आणि मग खोलीत फक्त ह्यांचा श्वास. मी मोजत होते की देवाचं नाव घेत होते, कुणास ठाऊक.

"दारावरच्या कोपऱ्यात ओल आहे," चष्म्याआडून हे म्हणाले.

आम्ही तिघांनी वळून वर बघितलं. टीव्हीकाका म्हणाले, तो जुना डाग असेल, गेल्या वर्षीचा.

"जुना नाही. कडा अजून गडद आहे. वरून टाकीचा पाइप जातो का?"

जात होता. टीव्हीकाका आपला नेहमीचा चष्मा पुसून पुन्हा वर बघत राहिले. दीर गादीपाशी गेला आणि तो तळहाताएवढा ड्रोन उचलून, फुंकर मारून घेऊन आला.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाणी हवं का, बाहेर बसायचं का, मी विचारलं. ह्यांनी मान हलवली. चष्मा काढला नव्हता. माझं मनगटही सोडलं नव्हतं.

"बॅटरी बदला," हे म्हणाले. "पुन्हा एकदा पाडतो."