काळे टाके

डॉ. तेजस्विनीने तो धागा मुद्दाम निवडला होता, आणि निवडताना स्वतःच्या हुशारीवर खूशही झाली होती.

केरीच्या सगुणचा बैल गुलाब धिरयोत, बैलांच्या झुंजीत, कुशीला शिंग लागून पेडण्याच्या तिच्या गुरांच्या दवाखान्यात आला, तेव्हा कातडी वीतभर फाटून आतलं मांस लोंबत होतं. आतड्याला धक्का नव्हता, एवढंच नशीब. आतले थर तिने विरघळणाऱ्या धाग्याने शिवले. कातडीसाठी दोन मार्ग होते. तोच धागा कातडीखालून लपवून ओवला तर बाहेर काही दिसत नाही, काढावाही लागत नाही. नाहीतर जाड काळा नायलॉन, बाहेर ठळक गाठी, पंधरा दिवसांनी कापायचा. शिकताना तिने याच दोन धाग्यांवर प्रबंध लिहिला होता. नीट सांभाळलं तर जखम दोन्हींनी भरते. तरी तिने काळा घेतला, कारण धिरयोवाल्यांची रीत तिला ठाऊक होती. अंगावर टाके असलेल्या बैलाशी कुणी झुंजीची जोड लावत नाही. त्याला हरवण्यात मान नाही.

"सगुणबाब, दोन म्हयने धिरयेक व्हरूं नाका," तिने बजावलं.

"खंय व्हरतलों? टाके पळोवन कोण जोड लायतलो?" सगुण म्हणाला.

ती निर्धास्त झाली. बाई शिकलेली, पण माणसाची हौस काय काय करवते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

नवव्या दिवशी सगुणच्या बायकोचा, चंद्रावतीचा फोन आला. "डॉक्टरबाय, तांणी गुलाबाक व्हेलो. टाके सकाळींच कापले, ब्लेडान. वयर काजळ फासलां."

तेजस्विनीने जागा विचारून गाडी काढली. मोरजीच्या अलीकडे, कापणी झालेल्या शेतात हजारभर माणूस गोल करून उभं होतं. माणसांना कोपराने ढोसत ती पुढे घुसली. समोरच्या पांढऱ्या बैलाने गुलाबला बांधापर्यंत रेटत नेलं होतं. कपाळाला कपाळ, दोघांच्या तोंडाला फेस, मातीत खुरांनी पाडलेले चर. गुलाबने अंग पिळलं आणि काजळाखालची कातडी टरकन उसवली. पांढऱ्याचं शिंग नेमकं तिथेच घुसलं, आणि त्याने मान वर झटकली. आतडं बाहेर आलं. गुलाबचाच पाय त्यावर पडला. तो पुढे गेला, आणि ते तुटेपर्यंत ओढलं गेलं. लोक शिट्ट्या मारत होते.

पांढऱ्याला दोर टाकून बाजूला ओढलं. गुलाब गुडघ्यांवर आला, मग कुशीवर. तेजस्विनी हातमोजे चढवून रक्ताच्या चिखलात बसली. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून तिने पाहिलं आणि हात बाहेर काढले. शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"शिवा गो बाय," सगुण म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "घाय भरललो. ह्या दोळ्यांनी पळयललो हांवें."

"वयल्यान भरललो," ती म्हणाली. "तकली धर ताची."

सगुणने बैलाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा वास ओळखून गुलाब पाय झाडायचा थांबला. तिने शिरेत शेवटचं इंजेक्शन दिलं. सगुण लहान पोरासारखा हुंदके देत रडू लागला.

त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला फार वाटलं. पण हातच उचलवेना. टाके लपवून घातले असते तर याला कापायला काही सापडलं नसतं. फाडायचं ते शिंगालाच फाडावं लागलं असतं, आणि कदाचित गुलाब पळून तरी गेला असता. रीत वापरायला ती गेली होती. तिने बैलाच्या अंगावर खूण केली, आणि ती खूण पुसायला सगुणने ब्लेड उचललं. तिला स्वतःची शिसारी आली.

चार जणांनी दोर लावून गुलाबला बांधाकडे ओढत नेलं. मागे मातीवर ओला पट्टा उरला. त्यावर कुणीतरी घमेल्याने वाळू टाकली.

धिरयो भरवणारा मुखत्यार अदबीने वाकून तिला थांबवत म्हणाला, "डॉक्टरबाय, आयल्यात तर मात्शें रावात. आनीक एक जोड आसा."

धिरयोला कायद्याने बंदी होती, आणि पोलिसांचा नंबर तिच्या फोनात होता. लावला असता, तर पुढचा फाटलेला बैल कुणी दवाखान्यात आणला नसता. गोठ्यातच कुजून मेला असता.

"रावतां," ती म्हणाली, आणि तिने नवे हातमोजे चढवले.