‘वाइल्ड’ची कार्डं

भिंगरीची शेरेवही मी रोज उघडते. दप्तरात ती डब्याखाली असते, म्हणजे बहुतेक वेळा ओली असते. ‘आज दूध सांडले.’ ‘आज झोपली नाही.’ ‘कृपया मोजे दोन द्यावेत, एक सापडत नाही.’ त्या सोमवारी ‘वर्तन’ या रकान्यात बालवर्गाच्या मोठ्या बाईंनी निळ्या शाईत एकच इंग्रजी शब्द लिहिला होता. वाइल्ड.

मला आधी हसूच आलं. कारण मी तो दिवसभर त्याच शब्दाशी झगडत होते.

मी कोशाच्या कचेरीत काम करते. करत होते म्हणायला हवं, पण अजून जीभ वळत नाही. इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती चालली आहे आणि आम्ही चार महिने डब्ल्यूमध्येच मुक्काम ठोकून होतो. विडो झाली, विड्थ झाली, वाइफ झाली, विग झाला, मग वाइल्ड. इतके दिवस एका अक्षरात राहिल्यावर त्यातला एखादा शब्द पाठोपाठ घरी येणारच, असं मी सासूबाईंना गमतीनं सांगितलंसुद्धा.

“काय लिहिलंय पण?” त्यांनी विचारलं.

“रानटी, जंगली, अनावर. काय घ्यायचं ते घ्या.”

“एवढंच ना?” त्या गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या. “हिचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत कपाटावर बसून जेवायचा. आता बघ, बंदरावर क्रेन चालवतो. वरच बसतो अजून.”

भिंगरी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिचं भिंगरी हे नाव सासूबाईंनीच पाडलं.

आमच्या कचेरीचे संपादक म्हणजे कार्डकाका. सदऱ्याच्या खिशात कोरी कार्डं घेऊन हिंडतात. न्हाव्याकडे, बँकेच्या रांगेत, कुणी काही वेगळं बोललं किंवा लिहिलेलं दिसलं की लगेच कार्ड. वाक्य, कुणाचं, कुठलं, तारीख. भिंतभर लाकडी खण आहेत, त्यात अशी लाखभर कार्डं असतील. काकांचे नियम तीनच. एक, कुठलाही अर्थ कोशात जायचा तर त्याची तीन कार्डं हवीत, तीन वेगळ्या माणसांच्या हातची. दोन, खणात पडलेलं कार्ड पुन्हा खोडायचं नाही, लिहिणारा रडला तरी. आणि तीन, कार्ड कचेरीबाहेर जात नाही.

“मुळाकडून सुरुवात कर,” मंगळवारी काका म्हणाले. “जुना अर्थ आधी. राग मागाहून आला शब्दात.”

आणि खरंच तसं होतं. जुन्या इंग्रजीत हा शब्द झाडांना होता, जनावरांना होता. कुणी न लावलेलं, कुणी न पाळलेलं. त्याच्याही मागे बहुधा रान असाच अर्थ असलेला कुठला तरी हरवलेला शब्द असावा, इतकाच अंदाज. काही जुन्या मंडळींनी तो इच्छेच्या ‘विल’शी जोडून पाहिला होता, म्हणजे आपल्या मर्जीनं चालणारं ते वाइल्ड. ते वाचून मी किती खूश झाले! पण काकांनी चष्म्यावरून बघितलं. “आवडलं म्हणून खरं होत नाही, बाई. पुरावा कच्चा आहे. मूळ अनिश्चित, असं लिही.”

मी लिहिलं. मूळ अनिश्चित. मग पुढे शब्द कसा कसा पसरला ते. समुद्राला, वाऱ्याला, केसांना, अंदाजाला, पत्त्यांच्या डावातल्या कुठल्याही जागी चालणाऱ्या पत्त्याला. ‘विल्डरनेस’मध्ये हाच शब्द आणि जोडीला ‘डिअर’ बसलाय, आणि तेव्हा डिअर म्हणजे हरीण नव्हतं, कुठलंही जनावर होतं. मराठी प्रतिशब्दांना तर तोटाच नव्हता. रानवट, मोकाट, उनाड, बेफाम, सैरभैर, द्वाड. एकेक लिहिताना मला घरातली एकच व्यक्ती दिसत होती.

“मुलांबद्दलच्या अर्थाची दोनच कार्डं आहेत,” काका खण चाळत म्हणाले. “तिसरं शोध. मिळालं तर तो अर्थ वेगळा देऊ.”

तिसरं माझ्या पिशवीत होतं, सकाळी दप्तरात घालायची राहिलेल्या ओल्या शेरेवहीत. “बघते,” मी म्हटलं. खोटं नव्हते बोलत. काढलं नाही, एवढंच.

त्याच संध्याकाळी बालवर्गातून फॉर्म आला. ‘घरचे निरीक्षण.’ सोबत मोठ्या बाईंची चिठ्ठी. गाण्याच्या बाईंचीही तक्रार आली आहे, आणि गेल्या आठवड्यातलं फाटकाचं तुम्हाला ठाऊकच आहे. मूल घरी कसं असतं ते मोकळेपणानं लिहून द्यावं, म्हणजे आम्हाला ते समजेल. शुक्रवारी अकराला भेटू.

फाटकाचं असं की भिंगरीनं बालवर्गाच्या फाटकाची कडी आतून उघडली होती आणि रस्ता ओलांडून समोरच्या मोकळ्या जागेत, छातीएवढ्या गवतात, जाऊन उभी राहिली होती. तिथल्या मावशींना ती सापडेपर्यंत सात मिनिटं गेली. त्या सात मिनिटांचा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

बालवर्गातली ही जागा गेली तर काय, हे मात्र माझ्या डोक्यात स्वच्छ होतं. सासूबाईंच्यानं उठवत नाही, भिंगरीच्या मागे काय धावणार? हिचे बाबा पंधरा-पंधरा दिवस बंदरावर. दुसऱ्या दोन बालवर्गांत आधीच्या ठिकाणचा दाखला मागतात आणि मधल्या वर्षात तसंही घेत नाहीत. आणि कार्ड कचेरीबाहेर जात नाही, घरून काम करायची सोय नाही. म्हणजे भिंगरीची जागा गेली की माझीही गेली.

तरी फॉर्म बघून मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. निरीक्षण लिहा म्हणतात! हे तर माझंच काम. विशेषण एकही नको, बघितलं तेवढंच, तारीख-वेळ घालून. पूर्ण पुरावा समोर ठेवला की माणसाला खरा अर्थ कळतोच, असं मला सहा वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. भिंगरी बैठकीच्या खोलीत उशांवर उड्या मारत होती आणि मी ओट्याशी उभी राहून लिहीत होते.

‘रविवार, सकाळी पावणेआठ. खुर्चीवर स्टूल चढवून दाराची कडी काढली. विचारल्यावर म्हणाली, कडीला बाहेर जायचं होतं.’

‘सोमवार, संध्याकाळी सहा. आजी “पुरे आता” म्हणाल्यावर त्यांच्या दंडाला चावली. मग त्याच जागी पापा घेतला.’

‘मंगळवार, सव्वापाच. बुटात माती भरून आणली. बूट काढू देईना. माती झोपली आहे म्हणाली.’

अशी अकरा.

“अगं, एवढं सगळं काय लिहितेस?” सासूबाई मागून वाचत होत्या. “भाडेकरूला घर दाखवताना गळका नळ आधी दाखवतेस का तू?”

“आई, त्यांनी मोकळेपणानं लिहा म्हटलंय.”

“म्हणतात ते. पाहुणेही म्हणतात, आमच्यासाठी काही करू नका.” मग जरा थांबून, “पापा घेतला ते लिहिलंस ना?”

“लिहिलंय.”

“बरं. मग दंड दुखला नाही असंही लिही.”

“दुखला ना पण.”

“दुखला,” त्या म्हणाल्या. “पण लिहायला काय जातंय?”

मी लिहिलं नाही. इतकी वर्षं काकांच्या हाताखाली काढून मी तेवढी मोठी झाले होते.

शुक्रवारी अकराला मोठ्या बाईंच्या खोलीत बसले. खोली म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल, भिंतीला लागून छोट्या खुर्च्यांची उतरंड. मलाही तसलीच छोटी खुर्ची मिळाली. गुडघे हनुवटीला लागत होते. भिंगरी दारात मावशींचा पदर धरून उभी होती. मी आत आणि ती बाहेर हे तिला मुळीच पटलेलं नव्हतं.

बाईंनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले. त्यांचा शेरा, गाण्याच्या बाईंची चिठ्ठी, माझा फॉर्म. मांडणी ओळखीची होती. मी रोज खणातली कार्डं अशीच मांडते.

“एका बाईंनी काही म्हटलं तर मी सोडून देते,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांनी म्हटलं की घरी विचारते. घरी मूल वेगळं असेल ना, तर आमचंच कुठेतरी चुकतंय असं धरते आणि ठेवून घेते. अशी चार ठेवली आहेत मी. पण तुमच्याकडेही तेच.”

“तेच कसं? तुम्ही पुढचं वाचलंत ना? मातीचं? पापाचं?”

“सगळं वाचलं हो. मातीचं वाचून मला रडू आलं.” त्यांनी खरंच डोळे पुसल्यासारखं केलं. “पण कडीचं वाचून घाम फुटला. घरी स्टूल चढवते, इथे तर कडी हाताशी आहे. माझ्याकडे बावीस मुलं आहेत, आणि एक मावशी. त्या दिवशी गाडी आली असती तर? मी तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं?”

त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

“तो फॉर्म परत द्या,” मी म्हटलं. “मी दुसरा लिहून देते.”

“काय लिहाल?”

“द्या तरी.”

त्यांनी कोरा फॉर्म दिला. माझं पेनही चालेना, त्यांचंच घेतलं. आणि मी लिहिलं, ‘भिंगरी घरी शांत असते. सांगितलेलं ऐकते.’ सहा वर्षांत मी एकही खोटं कार्ड लिहिलेलं नाही. ‘शांत’वरचा अनुस्वार कुठल्या कुठे जाऊन पडला.

बाईंनी वाचलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी दोन्ही फॉर्म एकावर एक ठेवले आणि नुसतं म्हणाल्या, “अक्षर दोन्हीकडे तुमचंच आहे ना. मी कुठलं धरू?”

तेवढ्यात भिंगरी मावशींना सोडून आत आली आणि माझ्या मांडीवर चढायला लागली. खुर्ची एवढीशी, आम्ही दोघी कलंडलो. तिला वाटलं मी मुद्दाम पडले. “पुन्हा!” ती म्हणाली.

दाखल्यावर बाईंनी काही वाईट लिहिलं नाही. ‘पालकांच्या विनंतीवरून नाव कमी केले’ असं लिहिलं, तशी विनंती माझ्याकडूनच लिहून घेतल्यावर. पुढच्या वर्षी थोडी मोठी झाली की जरूर आणा, म्हणाल्या. मावशींनी हरवलेला मोजा आणून दिला. फाटकाशी आलो तर भिंगरी हात सोडून पुढे पळाली, मला उघडून दाखवायला. कडीवर आता कुलूप होतं. तिनं ते दोन्ही हातांनी ओढलं, मग मागे वळून माझ्याकडे बघितलं, आता तू उघड, अशी. मी कुठून उघडणार? किल्ली घेऊन मावशी येईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो.

तिथून तिला घेऊन तशीच कचेरीत गेले. काकांना सगळं सांगितलं, उद्यापासून येणं जमणार नाही हेही. त्यांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, “मी कार्डं घरी नेऊ दिली असती. पण लाख कार्डांत एक गेलं तरी...”

“नको, काका. आणि घरी ही आहे.”

ही तेव्हा टेबलाखाली होती.

मी माझा खण त्यांच्या हवाली करायला बसले. वाइल्डची कार्डं नीट लावली. झाड, जनावर, समुद्र, अंदाज, पत्ता. मुलांच्या अर्थाच्या दोन कार्डांवर येऊन थांबले. मग पिशवीतून शेरेवही काढली, कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं. शब्द, जसा होता तसा. कुणाचा, तर एका बालवर्गाच्या मुख्य बाईंचा. कुठला, तर शेरेवही, वर्तनाचा रकाना. तारीख. काकांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं. “हे नको टाकूस,” ते हळूच म्हणाले. “दुसरं मिळेल कधीतरी.”

“तीन हात झाले, काका.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. नियम त्यांचाच होता. मी कार्ड खणात टाकलं.

“काय लिहिलंस?” भिंगरी टेबलाखालून बाहेर आली. गुडघे धुळीनं माखलेले.

“एक शब्द आहे. तुझ्याबद्दल.”

“वाच.”

शेवटचं कार्ड माझ्याच्यानं वाचवेना. मी पहिलं काढलं, सगळ्यात जुनं, झाडाचं. “कुणी न लावता, आपोआप उगवलेलं,” मी वाचलं.

तिनं विचार केला. तिचा विचार चालू असला की ती एक पाय दुसऱ्या पायावर ठेवते.

“मग त्याला पाणी कोण घालतं?”

मी काकांकडे बघितलं, काकांनी खिडकीकडे. एवढ्या खणांत कुठेही त्याचं कार्ड नव्हतं. उत्तराची वाट बघून बघून भिंगरी कंटाळली, आणि सगळ्यात खालच्या खणाची कडी कशी निघते ते बघायला लागली.