टिक्की दाबायची नाही

गुरुवारी समर्थच्या वाढदिवसाला सहा वर्षांची मितू नवा फ्रॉक घालून खालच्या मजल्यावर गेली. समर्थच्या आईने, सुवर्णाने, भेटवस्तू घेतली आणि गोड आवाजात म्हणाली, "बाळा, आमचा श्रावण आहे. तुमच्याकडे मटण शिजतं ना? तू नंतर ये हं." दार लागलं. आतली गाणी थांबेपर्यंत पोरगी जिन्यातच बसून होती. वर कठड्याशी उभी असलेली तिची आई, तेजल, सगळं बघत होती. तेव्हापासून तिच्या पोटात निखारा होता.

कारण श्रावणातले रविवार सुवर्णाचा नवरा भारत तेजलच्याच स्वयंपाकघरात साजरे करायचा. घरी सांगायचं, तेजलच्या नवऱ्याकडे, धम्मपालकडे, कॅरम खेळायला जातो, आणि इथे येऊन खिम्याचा बर्गर हाणायचा.

"वहिनी, टिक्की चांगली दाबून कोरडी करा हं. कपड्यावर रस सांडला तर मेलोच!" हे त्याचं ठरलेलं. तेजलही कालथ्याने दाबदाबून टिक्कीतला सगळा रस तव्यावर जिरवायची.

या रविवारी तिने खाटकाला चरबी काढू दिली नाही. हलक्या हाताने जाड टिक्क्या वळल्या, प्रत्येकीच्या पोटात फ्रीजरमधल्या कडक लोण्याचा गोळा दडवला. तवा धुरावला तेव्हा टाकल्या, एकदाच उलटल्या. कालथा वरून टेकवलासुद्धा नाही.

भारत पांढराशुभ्र कुर्ता घालून आला. बारा वाजता त्याच्या घरी बायकांचं भजन होतं.

"धम्मा, नशीबवान आहेस लेका! काय वास सुटलाय!"

"दोन्ही हातांनी धरा, भावजी," तेजल म्हणाली. "आणि घास मोठा घ्या."

त्याने घेतला. लोणी आणि चरबीचा गरम रस फस्सकन उडाला, हनुवटीवरून गळला, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. छातीवर हळदीचा पिवळा डाग पसरला.

"अहो वहिनी, फडकं द्या, फडकं!"

"सगळी धुवायला टाकलीत."

"तेजू, हे काय?" धम्मपाल पुटपुटला. तोवर ती जिन्यात पोचली होती.

"सुवर्णावहिनी! भावजींना घेऊन जा बाई, कुर्ता पार खराब झालाय!"

सुवर्णा धावत वर आली. मागोमाग भजनाच्या दोघी. दारातून टेबल दिसत होतं, ताट दिसत होतं, आणि तोंडात घास अडकलेला भारत.

"अगंबाई," एकीने पदर तोंडाला लावला, "सुवर्णा, तुमच्याकडे श्रावण ना गं?"

सुवर्णाचा चेहरा उतरला.

"या ना आत," तेजल म्हणाली. "आम्ही दारातून कुणाला परत पाठवत नाही."

दोघी बायका एकमेकींकडे बघत खाली उतरल्या. सुवर्णा जवळ सरकली, आवाज दाबून म्हणाली, "चारचौघांत असं करायचं होतं का, तेजल? निदान पोरांचा तरी विचार करायचास."

"पोरीचाच केला," तेजल म्हणाली, आणि तो डाग जिना उतरून दिसेनासा होईपर्यंत कठड्याशी उभी राहिली.