मागे फिरणारी फिल्म

कोच ओस्टरगार्डांचा सोमवारचा नेम तोवर कधी चुकला नव्हता. शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची फिल्म कॉलेजच्या तळघरात लावायची आणि एकेक चाल पुढेमागे फिरवत पोरांची सालटी काढायची. त्या सोमवारी आधी सगळ्यांना टोप्या काढून उभं केलं, कारण समोरच्या संघातला लाइल टेश रविवारी इस्पितळात वारला होता. मग दिवा मालवला. खेळ म्हटला की खेळ!

पडद्यावर कॉलेजचा हार्लन व्हॉस चेंडू पोटाशी धरून सुटला. आडव्या आलेल्या लाइलला त्याने खांद्याची धडक दिली, लाइल उताणा पडला, हार्लन रेषेपार गेला.

"बघा रे, खांदा किती खाली नेलाय," कोच म्हणाले. "असं धावतात."

त्यांनी फिल्म उलटी फिरवली. हार्लन उलट्या पावलांनी मागे आला आणि लाइल गवतावरून अलगद उठून उभा राहिला. हार्लन बाकावर पुढे सरकला.

"कोच, अजून एकदा मागे घ्या ना."

"शिकायला लागलं म्हणायचं कार्टं," कोच खूश होऊन म्हणाले. येत्या शनिवारी शिकागोच्या धंदेवाईक संघाचा माणूस हार्लनला बघायला येणार होता. नेब्रास्कातल्या बापाच्या बीटच्या शेतातून सुटायची तेवढी एकच वाट होती. आठवडाभर हार्लन रोज तळघरात येऊन बसला. कोचना वाटलं, पोरगं जिवाचं रान करतंय. तो फक्त लाइलला उठताना बघत होता.

शनिवारी चेंडू हातात आला तेव्हा समोरच्या संघाची फळी फुटलेली होती. रेषेच्या अलीकडे एकच किडकिडीत पोरगा गुडघे वाकवून उभा होता. हार्लन थबकला. मग तोंड तिकडेच ठेवून मागे पावलं टाकू लागला, हळूहळू, मग भराभर. लोक आधी हसले. मग त्यांनी हुर्यो उडवली.

"पुढे, गाढवा, पुढे!" कोच कडेने ओरडत होते. शिकागोच्या माणसाने हॅट डोक्यावर चढवली आणि तो निघाला.

हार्लनचं लक्ष गवतावर होतं. त्याला धरायला धावून आलेला पोरगा जवळ येताच बावचळून थांबला. हार्लन रडत होता.

"ऊठ ना रे, लाइल," तो म्हणत होता. "मी मागे आलोय. आता ऊठ."

पुढच्या सोमवारी कोचनी फिल्म लावली नाही.