खांद्यावरचा हात

अडलेला माणूस दारात आला की आधी खुर्चीला नावं ठेवतो, हे धाकटीला अनुभवाने ठाऊक होतं. थोरल्या दिरांनीही तेच केलं.

"ऑफिस लहानच आहे गं तुझं," बसता बसता ते म्हणाले. "आणि या खुर्च्या कुरकुरतात."

"इथे खुर्च्या बोलतात, भाऊजी. माणसांनी ऐकायचं असतं," असं म्हणत तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

थोरल्यांचं दुकान रुग्णांच्या सामानाचं. वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, वर-खाली होणारे पलंग. विकतही आणि भाड्यानेही. दोघा भावांनी मिळून उभं केलेलं. थोरल्यांची जीभ चालायची, धाकट्याचा हात. एका हाताने मिटता येणारा वॉकर धाकट्याने बनवला आणि दुकानाचं नाव झालं. मग एके दिवशी धाकटा बसल्या जागी गेला. त्याची बायको, म्हणजे ही, लोकांच्या वेबसाइट वापरायला सोप्या करून द्यायची. दुकानाची पहिली साइट तिनेच केली होती. वर्ष उलटायच्या आत थोरल्यांनी ती मोडली आणि जावईबापूंकडून नवी करून घेतली.

नव्या साइटवर सगळं हलत होतं. हलत नव्हता तो फक्त माल. तेच रडगाणं घेऊन थोरले आले होते.

"चौघांना विचारलं, चौघांनी तुझंच नाव घेतलं. घरचीच आहेस, नाही म्हणू नकोस. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते जेवणाचं टेबल आठवत होतं. जावईबापूंनी नवी साइट मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवली होती. 'आमच्याविषयी' या पानावर पूर्वी दोघा भावांचा फोटो होता. दुकानाच्या दारात दोघं उभे, पुढ्यात वॉकर, धाकट्याचा हात थोरल्यांच्या खांद्यावर. नव्या फोटोत धाकटा नव्हता. खाली लिहिलं होतं, 'एका हाताने मिटणारा वॉकर: आमच्या संस्थापकांची निर्मिती'. संस्थापक म्हणजे फोटोत उरलेला एकटा.

तिने तोंड उघडलं होतं. थोरल्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. आजाऱ्याचं सामान विकतो आपण. गेलेल्या माणसाचा फोटो बघून गिऱ्हाईक बिचकतं." जावईबापूंनी मान डोलावली. धाकटीने घास गिळला, पण तो आजतागायत पोटात उतरला नव्हता.

"करते," ती म्हणाली. "पण माझी एक पद्धत आहे. आधी आहे त्या साइटची चाचणी. पाच परकी माणसं बोलवायची, त्यांना कामं सांगायची आणि मनात येईल ते मोठ्याने बोला म्हणायचं. मालकाने शेजारच्या खोलीत बसून बघायचं. एक शब्द बोलायचा नाही."

"एवढंच ना?" थोरले हसले.

"एवढंच."

सूड घ्यायचा तर तो चोख घ्यावा, असं रोज चाचण्या घेणाऱ्या तिच्या मनाने ठरवलं. त्यात भेसळ नको. दिलेली कामं तिने पुन्हा पुन्हा तपासली. कुठेही फोटोचा उल्लेख नव्हता. पहिलं काम: आईसाठी पलंग भाड्याने हवाय, चौकशी करा. दुसरं काम: या लोकांकडून वॉकर घ्यावा का, ते साइट बघून ठरवा. उद्या कोणी म्हणायला नको की हिने माणसं पढवून आणली.

कात्री चालवणाऱ्याकडून एक गोष्ट राहून गेली होती, हे मात्र तिला माहीत होतं. धाकट्याचा हात थोरल्यांच्या खांद्यावर होता. तो कापायचा तर थोरल्यांचा खांदा गेला असता. म्हणून माणूस कापला गेला आणि मनगटापुढचा हात तेवढा तिथेच राहिला.

चाचणीच्या दिवशी तिची सहकारीण एका खोलीत येणाऱ्या माणसासमोर बसली. शेजारच्या खोलीत पडदा होता. समोरच्याच्या मोबाइलवर जे दिसेल ते पडद्यावर दिसे, आवाजही येई. धाकटी थोरल्यांच्या अगदी शेजारी बसली.

पहिला आला टॅक्सीवाला. पलंग शोधता शोधता त्याचा अंगठा दुखला. "फोन नंबर कुठे दडवलाय? आणि हे काय सारखं सरकतंय? थांब रे बाबा, वाचू दे!" थोरल्यांनी कपाळावरचा घाम पुसला. नंबर तळाशी होता, राखाडीवर राखाडी. मग टॅक्सीवाला 'आमच्याविषयी'वर पोचला आणि खदाखदा हसला. "आयला! हा खांद्यावर हात कोणाचा? भुताचा का काय?"

थोरल्यांनी तोंड उघडलं. "अगं, तो त्या वेळी..."

धाकटीने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

थोरल्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं, मग मिटलं. ते बोट त्यांनी ओळखलं होतं.

दुसरी नर्स. तिला भाडं कुठेच सापडलं नाही. चौकशीच्या फॉर्मने तिला लग्नाची तारीख विचारली, तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "जावयाच्या डोक्यातलं आहे ते, शुभेच्छा पाठवायला," थोरले पुटपुटले. धाकटीने नुसतं वळून पाहिलं. फोटोपाशी आल्यावर नर्सचा आवाज खाली आला. "हा हात बघा. पडणाऱ्या पेशंटला असंच धरतो आम्ही. ज्याने सावरलं तोच दिसत नाही."

तिसरी शिवणकाम करणारी. फोटो बोटांनी मोठा करून तिने जाणकार नजरेने पाहिला. "घाईत बेतलंय. हात ठेवून माणूस कापला. दगडाचं मन लागतं हो असं कापायला."

धाकटी पडद्याकडे बघतच नव्हती. ती थोरल्यांकडे बघत होती. त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला होता. तिला वाटलं होतं, हे बघताना कुठेतरी कीव येईल. ती आली नाही. आला तो गारवा, उन्हातून घरात शिरल्यासारखा.

चौथे निवृत्त मास्तर. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आता ठरवायचं म्हणता? मी नाही घेणार यांच्याकडून."

"का बरं?" सहकारिणीने विचारलं.

"ज्याने आपल्या खांद्यावर हात ठेवला, त्याला ज्यांनी कापून टाकलं, ते माझा मोडका वॉकर बदलून देतील? भरवसा काय?"

थोरले ताडकन उठले. खुर्ची कुरकुरली. "भाऊजी, नियम," धाकटी हलकेच म्हणाली. पण ते दार ढकलून पलीकडे पोचले होते. आता ते पडद्यासमोर नव्हते. त्यांचा आवाज तेवढा तिच्याकडे येत होता.

"माझ्या भावाचा हात आहे तो."

"बरं. मग कापलात कशाला? भांडण झालं होतं?"

"नाही. तो... वारला."

"मग तर ठेवायलाच हवा होता," मास्तर म्हणाले. "आणि हा वॉकर? तुम्ही बनवलात?"

पलीकडे एक खुर्ची कुरकुरली.

"त्याने. सगळा त्यानेच."

धाकटीने डोळे मिटून ते वाक्य पूर्ण ऐकलं. मग उघडले. मास्तर आभार मानून गेले. थोरले परत आले, तेव्हा खांदे उतरलेले होते.

"अख्खा फोटो लाव," ते म्हणाले. "वॉकर त्याने बनवला असं लिही. त्याच्या नावानिशी, सगळ्यात वर. फोन नंबरही मोठा कर. जावयाला मी सांगतो काय ते." मग थांबून, जरा कडवटपणे, "झालं तुझं समाधान?"

"फोटो लावते. नाव लिहिते. साइटही अशी करून देते की आंधळ्यालाही पलंग मिळेल," धाकटी म्हणाली. "पण मास्तरांची चाचणी बाद धरावी लागेल, भाऊजी. मालक मध्ये बोलले. मी बदली माणूस बोलावून ठेवलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून दोघं बाकी आहेत."

तिने त्यांची खुर्ची पडद्यासमोर नीट सरळ करून ठेवली. थोरल्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग ते बसले. पलीकडच्या खोलीत कोणीतरी नवीन माणूस हसत आत आला. पडद्यावर पान उघडलं, आणि धाकटीने बोट ओठांवर नेलं.